डब्यांआधी टेंडर

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

खेळण्यातल्या रेल्वे-इंजिनाचे फोटो मिळाले. माल चांगला आहे. काळा रंग मूळचाच असावा, कारण कडांवर घासला गेलाय आणि खोबणींत तसाच आहे. मागाहून रंगवलेल्या इंजिनाच्या खोबणींत रंग साचलेला दिसतो, आणि रिव्हेटची टोकं बुजून जातात. इथवर शाबास. पण शेवटी लिहिलंयस, 'त्याच माणसाकडे तीन लाल डबे आहेत, रूळ एकच आहे, घेऊन टाकू ना?' म्हणून हे पत्र. फोनवर तू 'हो बाबा, हो बाबा' म्हणतेस आणि करायचं तेच करतेस.

'रूळ एकच आहे' या वाक्याने मीही एकदा फसलोय. ब्रिटिश हॉर्नबी कंपनीची डब्लो ही खेळण्यातली गाडी १९३८ची, जर्मन मेर्कलिनची छोटी गाडी १९३५ची. दोन्हींच्या रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर, दोन्हींना मधोमध तिसरा रूळ. मी डब्लोचं इंजिन खुशाल मेर्कलिनच्या ट्रान्सफॉर्मरवर लावलं. ते हललं नाही, नुसतं गुणगुणलं, आणि मिनिटाभरात जळका वास सुटला. डब्लोला १२ व्होल्टचा डीसी लागतो, मेर्कलिन एसीवर चालते. डब्लोच्या मोटारीत कायमचं चुंबक असतं, एसीवर ती फिरत नाही, फक्त तापते. ते इंजिन अजून कपाटात आहे. तू लहानपणी त्याला 'झोपलेलं इंजिन' म्हणायचीस.

तुझं अमेरिकन लायनेल कंपनीचं आहे, एसीचं, त्यामुळे तेवढी धास्ती नाही. आधी ते ज्यांवर बसतं त्या बाहेरच्या दोन रुळांमधलं माप घे. सुमारे ३२ मिलिमीटर भरलं तर ओ गेज, म्हणजे 'ओ' नावाचं रुळांचं माप. ५४च्या आसपास भरलं तर कळव, मी पहिल्या गाडीने येतो! ते रुंद माप लायनेलने १९०६ मध्ये काढलं आणि त्याला नाव दिलं 'स्टँडर्ड', तेही तेव्हा दुसऱ्या कुणाच्याच रुळांशी जुळत नसताना. मेर्कलिनने १८९१ पासून मापांना क्रमांक देऊन खरोखरच शिस्त आणली होती, पण नाव कमवावं ते लायनेलने. पुढे इतर अमेरिकन कारखान्यांनी तेच माप उचललं, तेव्हा त्यांना ते 'वाइड गेज' म्हणून विकावं लागलं.

आता मुद्द्याचं. तुझ्या एकाही फोटोत टेंडर, म्हणजे इंजिनामागची कोळसा-पाण्याची छोटी गाडी, नाही. डबे इंजिनाला नाही, टेंडरला जोडले जातात, म्हणजे डब्यांची आकडी कुठली हवी हे टेंडर ठरवतं. लायनेलच्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या आकड्या वेगळ्या. १९४५ पासून मुठीसारखी मिटणारी, खऱ्या रेल्वेसारखी आकडी आली, आणि ती जुन्या आकडीत अडकत नाही. ते लाल डबे एका काळातले आणि टेंडर दुसऱ्या काळातलं निघालं, तर गाडी दोऱ्याने बांधावी लागेल. त्यावर एक जुगाड आहे: एखादी झिजलेली, कवडीमोलाची मालगाडीची वाघीण घ्यायची आणि तिच्या एका टोकाला जुनी, दुसऱ्या टोकाला नवी आकडी बसवायची. पण चांगल्या डब्याची आकडी कापायची नाही. ती कापणाऱ्यांशी मी बोलत नाही.

टेंडरचं आणखी एक महत्त्व म्हणजे शिट्टी. १९३५ पासून लायनेलने ती टेंडरच्या पोटात घातली, छोटी मोटार आणि पंखा. बटण दाबलं की रुळांतल्या एसीत थोडा डीसी मिसळतो, त्याने टेंडरमधला रिले, म्हणजे विजेने हलणारी कळ, ओढला जातो आणि शिट्टी वाजते, गाडी मात्र चालतच राहते. काय डोकं आहे! टेंडरच्या नंबराच्या शेवटी डब्ल्यू असेल तर शिट्टीचं, टी असेल तर मुकं. कोणत्या इंजिनाबरोबर कोणतं टेंडर यायचं हे जुन्या कॅटलॉगांत सापडतं.

वळणंही बघ. लायनेलच्या हलक्या ओ-२७ रुळांचा पूर्ण गोल २७ इंच व्यासाचा, नेहमीच्या ओ रुळांचा ३१चा. १९३७च्या मोठ्या हडसन इंजिनाला तर ७२ इंचांचा गोल लागायचा. लांब डबे लहान गोलावर बाहेर झुकतात आणि शेजारचा सिग्नल पाडतात.

आणि ओढण्याची ताकद. यात कारखानाही चुकलाय. लायनेलने स्टँडर्ड गेजमध्ये कॅलिफोर्निया, कोलोराडो, इलिनॉय, न्यूयॉर्क अशा नावांचे थोरले डबे काढले. ३८१ई हे देखणं इंजिन त्यांच्यासाठीच होतं, पण चार डबे त्याला ओढवेनात. मग दोन मोटारींचं ४०८ई डब्यांसारख्याच तपकिरी रंगात रंगवून पुढे जुंपलं. म्हणून रंग जुळला की जोडी जुळली असं धरू नकोस, आधी वजन बघ.

रंगावरून आठवलं. १९५७ मध्ये लायनेलने खास मुलींसाठी गुलाबी इंजिन आणि फिकट रंगांच्या वाघिणींचा संच काढला. तो खपला नाही. मुलींनाही खऱ्यासारखी काळी गाडीच हवी होती, हे तुला वेगळं सांगायला नको. सहाव्या वर्षी तू गुलाबी बाहुलीघराच्या छताचा बोगदा केला होतास. आता तो संच संग्राहकांना हवाहवासा वाटतो, त्यामुळे साधी इंजिनं गुलाबी रंगवून विकणारेही असतात.

तुझं इंजिन युद्धापूर्वीचं असेल तर चाकं भिंगाखाली धर. त्या काळच्या जस्ताच्या ओतकामात शिशासारखी भेसळ राहिली की धातू आतून फुगतो, केसासारख्या भेगा पडतात आणि एक दिवस चाक बिस्किटासारखं तुटतं. त्यावर औषध नाही. नवी चाकं बसवता येतात, फक्त विकणाऱ्याने तसं सांगितलेलं असावं.

लाल डबेवाल्याला नाही म्हणू नकोस, आठवडाभर थांबव. त्याच्याकडून डबे जोडायच्या आकड्यांचे जवळून फोटो मागव. तू इंजिनाच्या कॅबखालचा (चालकाच्या खोपीखालचा) नंबर वाचून कळव. मी कॅटलॉग काढून ठेवलाय. आणि माप घेताना शिवणकामाची टेप नको, ती ताणली जाते.

तुझा,
बाबा