अण्णा, वाइंडिंग मशीन विकू नका

ती. अण्णा आणि आई,
शि. सा. न.

दादाशी फोनवर बोलणं झालं, तो बोलता बोलता म्हणाला की दुकानाचा गाळा दिवाळीआधी रिकामा करायचाय आणि मोटरची तार गुंडाळायचं वाइंडिंग मशीन, कॉइलचे लाकडी फर्मे, तारेची उरलेली रिळं, सगळं सावद्याचा भंगारवाला बघून गेलाय. म्हणून हे पत्र. फोनवर इतकं सगळं सांगून होत नाही. आधी पूर्ण वाचा आणि मग काय ते ठरवा.

मी इथे लंडनला जुने व्हॅक्यूम क्लीनर गोळा करते हे तुम्हाला माहितीये, पण त्यांचं नेमकं काय करते ते कधी नीट सांगितलं नाही. आमच्याकडून बसने थोडं गेलं की पेरिव्हेल लागतं, तिथे मोठ्या रस्त्याला लागून हूव्हर बिल्डिंग आहे, पांढरीशुभ्र, दारावर रंगीत नक्षी, एखाद्या संस्थानिकाचा वाडा वाटावा अशी. पण तो होता कारखाना, १९३३ साली उघडलेला, आणि बनायचे काय तर व्हॅक्यूम क्लीनर. महायुद्धात तिथे विमानांचे आणि रणगाड्यांचे इलेक्ट्रिक पार्ट बनवले. आता पुढच्या इमारतीत फ्लॅट झालेत आणि मागे सुपरमार्केट आहे, मी दूध-भाजी तिथूनच आणते. आणि याच कंपनीचं जुनं मशीन इथल्या लोकांच्या माळ्यावर, गॅरेजमध्ये अजून सापडतं, आजी वारली की घर रिकामं करताना बाहेर येतं.

सध्या माझ्या टेबलावर हूव्हर ज्युनिअर आहे, १९५० च्या आसपासचं. उभं मशीन, लांब दांडा, दांड्याला कापडी पिशवी, खाली ॲल्युमिनियमची बॉडी. उलटं केलं की खाली ब्रशचा रोल दिसतो आणि मोटरच्या शाफ्टवरून त्याला एक चपटा रबरी पट्टा जातो. मोटर फिरली की रोल गालिचा झाडतो, आतला पंखा धूळ ओढून मागे पिशवीत फेकतो, संपलं काम. आणलं तेव्हा पिशवीत राखाडी रंगाची घट्ट धूळ होती आणि त्यात कुणाच्या तरी शर्टाची दोन बटणं.

वायर बघून तर मला आपलं दुकानच आठवलं. आत लाल आणि काळी, इथे आता तपकिरी आणि निळी असते. आणि प्लग गोल पिनांचा, आपल्या घरात भिंतीला आहे तसाच! इथे १९४७ नंतर हळूहळू चौकोनी पिना आल्या, गोल पिनांची ती जुनी पद्धत आपल्याकडे मात्र राहिली. वायरचं रबर पार कडक झालं होतं, वाकवलं की तुकडे पडत होते, तसल्या वायरला करंट द्यायचाच नाही हे तुम्ही लहानपणी शिकवलंय. पूर्ण वायर काढून टाकली. बॉडी धातूची, म्हणून आधी बॉडी आणि वाइंडिंगमधला इन्सुलेशन मीटरने तपासलं, मगच पुढे.

पहिल्यांदा करंट देताना मी सिरीजमध्ये बल्ब लावते, तुम्ही लावायचे तसा. इथले लोकही लावतात, पण मला त्यांच्याकडून शिकायची गरज पडली नाही. बल्ब थोडा मंद पेटून मोटर फिरली तर ठीक, बल्ब फुल पेटला आणि मोटर जागची हलली नाही की समजायचं आत शॉर्ट आहे.

बाकीच्या मशीनचं बहुतेक काम यातच होतं. फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बन झिजलेले असतात, नवे मापाचे मिळाले नाहीत तर थोडे मोठे आणून घासायचे, मग पॉलिश पेपर कम्युटेटरवर, म्हणजे शाफ्टवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर, गुंडाळून कार्बनच्या तोंडाला गोलाई द्यायची म्हणजे पूर्ण टेकतो आणि ठिणग्या कमी उडतात. कम्युटेटर काळा पडला तर बारीक पॉलिश पेपर, एमरी नाही, तिचे कण पट्ट्यांच्या मध्ये अडकून करंट पास करतात. पट्ट्यांमधला अभ्रक वर आला असेल तर हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने खाली घ्यायचा. बेरिंगमधलं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं असतं, ते धुऊन नवीन भरायचं. इथे एका गोऱ्या आजोबांनी मला विचारलं की हे कुठल्या कॉलेजात शिकलीस, मी सांगितलं फैजपूरला, वडिलांच्या दुकानात.

आता मुद्द्याचं. या ज्युनिअरचं आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरणारा भाग, जळलंय. बल्ब फुल पेटला, उघडून बघितलं तर दोन कॉइल काळ्या आणि वार्निशचा तो ओळखीचा जळका वास. इथे अशा वेळी काय करतात, तर दुसरं तसंच मशीन विकत घेऊन त्याचं आर्मेचर काढून यात टाकतात, म्हणजे एक जगवायला एक मारायचं. एवढ्याशा आर्मेचरचं रिवाइंडिंग, म्हणजे जुनी तार काढून नवी भरायचं काम, करून देणारा माणूस शोधायला गेलं तर एकतर सापडत नाही नाहीतर इतके पैसे सांगतो की त्यात चालू मशीन येतं. जुनी मशीनं काही नवीन बनणार नाहीत अण्णा, अशी एकेक कमीच होत जाणार. आणि तुम्ही मिक्सरची आर्मेचर रेडिओवरच्या बातम्या ऐकत ऐकत भरायचे.

आर्मेचर जळायचं कारणही तुम्हाला आवडेल असं आहे. प्लेटवर २००/२२० व्होल्ट लिहिलंय, तेव्हा इथे वेगवेगळ्या भागात वेगवेगळं व्होल्टेज असायचं, कुठे कुठे तर डी.सी. सुद्धा, म्हणून मोटर अशी की ए.सी., डी.सी. दोन्हीवर चालते. आज माझ्या घरात मीटर लावला तर २४० च्या वर दाखवतो. आपल्याकडे मे महिन्यात केळीला पाणी भरायच्या वेळी व्होल्टेज पडलं की शेतकऱ्यांच्या मोटरी जळायच्या आणि रात्री अकराला पण कुणीतरी दारात ट्रॅक्टर घेऊन उभा, इथे त्याच्या उलट. माझ्या मते वर्षानुवर्षं जास्त व्होल्टेजवर चालून चालून हे गेलंय. तर माझा प्रश्न असा, भरताना टर्न, म्हणजे तारेचे वेढे, साधारण दहा टक्के वाढवले आणि तार एक गेज बारीक घेतली तर आर्मेचरच्या स्लॉटमध्ये बसेल का, आणि बाहेरची न फिरणारी फील्ड कॉइल तशीच ठेवली तर चालेल का? हे मला पुस्तकात बघून कळणार नाही, तुम्हाला हातात घेऊन कळेल.

ज्या माणसाने हे उभं मशीन पहिल्यांदा बनवलं त्याचं पण सांगते. जेम्स मरे स्पँगलर, अमेरिकेत ओहायो राज्यात कँटन गावी एका दुकानात झाडलोट करायचा. दमा होता त्याला, गालिचा झाडला की धूळ उडायची आणि धाप लागायची. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा घेऊन स्वतःपुरतं मशीन जोडलं, १९०८ ला पेटंट मिळालं. भांडवल नव्हतं म्हणून ते हक्क विल्यम हूव्हरने घेतले, त्याचा धंदा घोड्यांसाठीच्या कातडी सामानाचा, आणि मोटारगाड्या आल्यामुळे तो तसाही बसणार होता. नाव हूव्हरचं झालं. त्याच्याआधी १९०१ मध्ये लंडनला ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने केलेलं मशीन एवढं मोठं होतं की घोडागाडीवर रस्त्यात उभं करून खिडकीतून पाइप आत टाकायचे. तेही ग्रेटच, पण मला स्पँगलर जवळचा वाटतो. आई, तू गहू-हरभऱ्याच्या दिवसांत अंगण झाडून झालं की ओट्यावर बसून खोकायचीस ना, तेव्हा हे मशीन आपल्या घरी असतं तर असं मला दर वेळी वाटतं.

माझं मत स्पष्ट आहे, मशीन चाललं पाहिजे. काही लोक नुसतं कपाटात ठेवतात, काही नवा रंग मारून चकाचक करतात. मी रंग मारत नाही, ॲल्युमिनियमला पॉलिश, बॅकेलाइटच्या भागाला पण हलक्या हाताने पॉलिश, पिशवी हाताने धुऊन रफू, बस. पण मोटर अशी झाली पाहिजे की त्याने रविवारी घर झाडता येईल. आत्ताची मशीनं बरीचशी उघडायलाच मिळत नाहीत, प्लास्टिक क्लिपांनी असं बंद केलेलं की उघडताना तुटतं. हे ज्युनिअर सत्तर वर्षांनी साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडलं. उघडणारा माणूस पुढे कधीतरी येईल हे धरूनच ते बनवलं होतं, आणि तो माणूस तुम्ही आहात. म्हणून मशीन आणि फर्मे भंगारात देऊ नका. गाळा सोडा, गुडघे दुखतात तर दुकान नका चालवू, पण मागच्या पडवीत टेबल टाकून एवढं ठेवा. दादाला मी समजावते.

माझी मैत्रीण भुसावळला माहेरी येतेय, तिच्यासोबत आर्मेचर पाठवते, हाताच्या मुठीत मावेल एवढंच आहे. उकलताना पहिल्या चांगल्या कॉइलचे टर्न मोजा, तार मायक्रोमीटरला लावा, पिच (कॉइल किती स्लॉटवर पसरलीये) आणि कम्युटेटरवर सुरुवात कुठे जोडलीये ते वहीत काढून त्याचा फोटो दादाला पाठवायला सांगा. इन्सुलेशनचं लेदरॉइड आणि स्लीव्ह जळगावहून चांगल्या क्वालिटीची मागवा, पैसे मी दादाला टाकलेत. भरून झाल्यावर बॅलन्स नीट बघा, ही मोटर पंपासारखी हळू नाही, मिक्सरसारखी पळते, थोडंही वजन एका बाजूला राहिलं तर बेरिंग खाईल. वार्निश उन्हात पूर्ण सुकू द्या, घाई नाही.

आई, परत येताना मैत्रिणीसोबत कळण्याचं पीठ दे, दोन किलोपेक्षा जास्त नको, तिची बॅग आधीच भरलेली असते.

तुमची,
छोटी