उशिरा आलेल्यांचा सण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धनत्रयोदशी आली की पेपरात पानभर सोन्याच्या जाहिराती आणि धन्वंतरी कुठेतरी कोपऱ्यात, हे आता नेहमीचंच झालंय. माझं पंचवटीत मेडिकल आहे, गल्ल्यामागे धन्वंतरीचा फोटो आहे, धने-गुळाचा नैवेद्य दरवर्षी असतो, म्हणून जरा बोलावंसं वाटलं.

ग्रीसमध्ये आणि बाहेरच्या देशांतही काही लोक जुन्या ग्रीक देवांना परत पुजायला लागलेत, ग्रीक सरकारने २०१७ मध्ये त्यांच्या धर्माला मान्यता पण दिली. ते एपिडॉरिया नावाचा सण करतात, अ‍ॅस्क्लेपियसचा, म्हणजे त्यांचा धन्वंतरीच, ज्याच्या काठीला एक साप गुंडाळलेला असतो तो. (आपल्याकडे कितीतरी डॉक्टरांच्या गाडीवर दोन साप आणि पंख असलेली काठी दिसते, ती हर्मीसची, व्यापाऱ्यांच्या देवाची! असो.) तिथी चांद्र पंचांगावरून, त्यामुळे तारीख आपल्यासारखीच सरकते, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर.

मला आवडली ती त्यामागची कथा. अथेन्समध्ये इ.स.पू. ४३० ला साथ आली, माणसं पटापट मेली, आणि पुढे ४२० मध्ये एपिडॉरसहून, म्हणजे त्याचं मोठं देऊळ होतं त्या गावाहून, हा देव शहरात आणला. पण तो पोचला तेव्हा अथेन्सजवळच्या एल्युसिसचा मोठा उत्सव, ज्यात लोकांना गुप्त विधींची दीक्षा द्यायचे, तो सुरू होऊन गेलेला, दीक्षेचे पहिले विधी उरकलेले. तरी देवाला आत घेतलं, आणि मग दरवर्षी त्या दिवशी उशिरा आलेल्या माणसांनाही दीक्षा मिळायला लागली.

बरं झालेले लोक या देवाच्या देवळात हात, पाय, कान असे मातीचे नाहीतर दगडाचे अवयव करून वाहायचे, आपण देवीला चांदीचे डोळे वाहतो तसेच. देवळात झोपायचं आणि देव स्वप्नात येऊन उपचार करणार, अशीही श्रद्धा होती, ते काही मी माझ्या गिऱ्हाईकांना सांगणार नाही.

पण उशिरा आलेली माणसं मला काउंटरवर रोज दिसतात हो. द्राक्षाचा सीझन होऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे, मग शुगर बघू असं म्हणत वर्षं जातात आणि येतात तेव्हा पायाला मुंग्या, डोळ्यांपुढे अंधारी, आणि वर लाज वाटते म्हणून डॉक्टरकडे जायचंच टाळतात, माझ्याकडेच गोळी मागतात.

आपल्या नाशकात आरोग्य विद्यापीठ आहे, डॉक्टरांची कमी नाही. धनत्रयोदशीचा दिवस अशा टाळाटाळ केलेल्यांसाठी ठेवता येईल का, बीपी, शुगर, डोळे, एवढंच तपासायचं? माझ्या दुकानापुढची जागा, टेबल-खुर्च्या आणि चहा माझ्याकडून. डॉक्टर मंडळींनी त्या दिवशी फक्त 'इतके दिवस काय करत होतात' असं कोणाला विचारू नये.

आपला,
एक मेडिकलवाला, पंचवटी, नाशिक