साओ पाउलोत मोबाइल गेला तर जाऊ दे

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

ब्राझीलमध्ये साओ पाउलोला सहा महिने राहायचंय, म्हणून फोनवर घाईत बोलण्यापेक्षा सविस्तर लिहितेय. घाबरवायला नाही. २०२२च्या जनगणनेत त्या शहरात एक कोटी चौदा लाख माणसं मोजली गेली आणि ती रोज कामाला जातात, सुखरूप घरी येतात. तिथला धोका ठरावीक प्रकारचा आहे: रस्त्यावर मोबाइल हिसकावला जातो आणि त्या मोबाइलमधून पैसे काढले जातात. म्हणून मागितल्याक्षणी देऊन टाकता येणार नाही असं काहीही अंगावर ठेवू नकोस. बाकीचं सगळं त्यातूनच येतं.

तयारी इथेच कर. दोन मोबाइल ने. बँकेची अ‍ॅप्स, मुख्य ईमेल आणि ओटीपी येणारं भारतातलं सिम ज्यात आहे तो खोलीत कुलपात राहील. रस्त्यावर जुना हँडसेट वापर. त्यात नकाशा, उबर, ९९ नावाचं तिथलं टॅक्सीचं अ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप आणि नेटशिवाय चालणारं पोर्तुगीज भाषांतर, एवढंच असू दे. (तिथे पोर्तुगीज बोलतात, स्पॅनिशच्या भरवशावर राहू नकोस.) गॅलरीत पासपोर्टचा किंवा कार्डाचा फोटो नको. चोराला मोबाइल उघडा असतानाच हवा असतो, म्हणून तू नकाशा बघत असतानाच तो हात मारतो. मग ईमेलवर आणि एसएमएसवर कोड मागवून एकेक पासवर्ड बदलत जातो. मोबाइल लॉक असला तर सिम काढून दुसऱ्यात घालतो. म्हणून दोन्ही सिमना पिन लाव. पिन तीनदा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके कोड लागतो, तो कंपनीकडून आधीच घेऊन कागदावर लिहून ठेव. स्क्रीन तीस सेकंदांत बंद होईल असं कर. अँड्रॉइडमध्ये मोबाइल झटक्यात हिसकावला की आपोआप लॉक होण्याची सोय आहे, ती चालू कर. गूगलने २०२४ मध्ये तिची चाचणी ब्राझीलमध्येच सुरू केली होती, यावरून तिथली गरज ओळख. *#०६# दाबून येणारे आयएमईआय, म्हणजे हँडसेटच्या ओळखीचे नंबर मलाही पाठव.

हिसकावणारा बहुतेक सायकलवर किंवा मोटरसायकलवर असतो, कधी पाठीला जेवण पोचवणाऱ्यांची पेटी लावून. आव्हेनिदा पाउलिस्ता हा शहरातला सगळ्यात गजबजलेला, दिव्यांनी उजळलेला रस्ता, पण तिथेही फुटपाथच्या कडेला उभं राहून मोबाइल बघणं म्हणजे तो हातावर ठेवून पुढे करणं. पत्ता बघायचा असेल तर औषधांच्या दुकानात शीर, नाहीतर मेट्रो स्टेशनात जा, भिंतीला पाठ लावून बघ. टॅक्सीत बसलास तरी मोबाइल मांडीवर नको, काच खाली नको. सिग्नलला काच फोडून हात आत घालतात.

कुणी शस्त्र दाखवलं तर दे. वाद नाही, पळणं नाही, मागे धावणं तर अजिबात नाही. हात दिसतील असे ठेव. खिशात हात घालायच्या आधी ‘नो बोल्सो’ म्हण, खिशात आहे असं. अचानक खिशाकडे गेलेला हात बघून समोरचा बिथरतो. मोबाइलबरोबर द्यायला पन्नास-शंभर रिआल (तिथलं चलन) वेगळे ठेव. नंतर जवळच्या दुकानात किंवा इमारतीच्या पोर्तारियात, म्हणजे दारावरच्या रखवालदाराकडे जा. पोलिस १९०, रुग्णवाहिका १९२, आग लागली तर १९३. पोलिसांकडून बोलेतिं, म्हणजे तक्रारीची प्रत नक्की घे. विम्याला लागते, पासपोर्ट गेला असेल तर शहरातल्या भारतीय वाणिज्य दूतावासातही लागते. मूळ पासपोर्ट खोलीत ठेव आणि प्रत खिशात ठेव.

निखिल, एक गोष्ट आईने सांगितली म्हणून संकोचू नकोस. डेटिंग अ‍ॅपवर ओळख काढून पुरुषांना लांबच्या पत्त्यावर बोलवायचं, तिथे तासन्‌तास डांबायचं आणि सगळी खाती रिकामी करायची, हा प्रकार तिथे चांगलाच माहीत आहे. २०२०च्या नोव्हेंबरात पिक्स सुरू झालं. आपल्या यूपीआयसारखे क्षणात पैसे जातात, त्यामुळे त्या टोळ्यांचं काम सोपं झालं. पहिली भेट दिवसा आणि मॉलमध्येच. मॉलला तिथे ‘शॉपिंग’ म्हणतात. ऐन वेळी जागा बदलायला सांगितली तर उठ आणि परत ये. उघडा ग्लास सोडून जाऊ नकोस. दारूच्या बाबतीत आणखी एक: २०२५च्या सप्टेंबरपासून साओ पाउलो राज्यात भेसळीच्या दारूतल्या मिथेनॉलने माणसं दगावली. प्यायचीच तर तुझ्यासमोर उघडलेल्या कॅनमधली बिअर. मिथेनॉलचा त्रास बारा-चोवीस तासांनीही सुरू होतो. दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली तर ती हँगओव्हर समजून झोपू नकोस, थेट इमर्जन्सी गाठ. सरकारी दवाखान्यात परदेशी माणसालाही तातडीचे उपचार फुकट मिळतात.

रस्त्यावरच्या विक्रेत्याला कार्ड देताना ते स्वतः टेकव, हातातून सोडू नकोस. मशिनचा पडदा फुटलेला किंवा अंधुक असेल तर रोख दे, कारण पाचाचे पाचशे झालेले दिसत नाहीत. एटीएम मॉलमधलं किंवा बँकेच्या आतलं, आणि दिवसा.

विमानतळ गुआरुल्योसला आहे, शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटर, पण संध्याकाळी दोन तासही लागतात. बाहेर ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत मागे लागणाऱ्यांकडे बघूसुद्धा नकोस. आतल्या काउंटरवर पैसे भरून टॅक्सी घे, किंवा अ‍ॅपची. अ‍ॅपची गाडी आली की नंबर जुळव: नव्या पाट्यांवर तीन अक्षरं, एक अंक, एक अक्षर, दोन अंक असतात. गाडी येईपर्यंत दाराच्या आतच थांब. मेट्रो चांगली आहे, पहाटे पावणेपाचच्या सुमारास सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालते. से स्टेशनात लाइन बदलताना आपल्या दादरसारखी गर्दी असते, बॅग पोटावर घे. शहराच्या जुन्या मध्यभागात, लुज आणि से चौकाच्या परिसरात जे बघायचं ते दिवसा बघ. अंधार पडल्यावर तिथे पायी फिरू नकोस.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते, सरकारमान्य केंद्रातच मिळते, आणि लगेच अपॉइंटमेंट मिळेलच असं नाही. तो दाखला नसेल तर ब्राझीलहून परत येताना तुला आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात पाठवू शकतात. दाखल्यावरचा पासपोर्ट नंबर केंद्रातच तपासून घे. डेंग्यूही आहे, तो डास दिवसा चावतो. ताप आला तर पॅरासिटॅमॉल घे, तपासणी होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको.

शहरात वीज बहुतेक ठिकाणी १२७ व्होल्टची आहे. मोबाइलचा, लॅपटॉपचा चार्जर चालतो, पण इथली इस्त्री नेऊ नकोस, जेमतेम तिसरा हिस्सा तापेल. आपली जाड तीन पिनांची वायर तिथल्या बोर्डात जात नाही, तिथला अ‍ॅडॉप्टर लागेल. जून-जुलैत रात्री गारठा असतो आणि घरांत हीटर नसतात, जाड स्वेटर घे. शाकाहारासाठी नुसतं ‘सें कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, असं म्हणून भागत नाही. त्यांच्या लेखी कोंबडी आणि हॅम म्हणजे ‘कार्ने’ नव्हेच, आणि राजम्यासारख्या फेजाउंमध्येही डुकराचं मांस असू शकतं. वजनावर जेवण देणारी ‘पोर किलो’ हॉटेलं सोयीची, पदार्थ समोर दिसतात, तरी फेजाउंचं विचारूनच घे.

तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. तुझे संध्याकाळचे सात म्हणजे आमचे पहाटेचे साडेतीन. काही झालं तर ‘आई-बाबा झोपले असतील’ म्हणून सकाळची वाट बघू नकोस. माझा आणि बाबांचा नंबर पाठ कर, कारण मोबाइल गेला की त्यातले नंबरही जातात.

तुझी,
आई