द्वारकाच्या मुलाकडून वकील मॅडमना

आदरणीय वकील मॅडम,
सप्रेम नमस्कार.

निकालाची नक्कल हातात आली तेव्हा आईला रडू आवरेना आणि मलाही काही बोलणं सुचलं नाही. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. ते चारचौघांत मानावेत असं वाटलं, कारण आईचा अपमानही चारचौघांतच झाला होता.

आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं की बाईचं जुनं नाव संपतं. माझी आई माहेरची द्वारका, सासरी शोभा झाली. रेशन कार्ड, आधार, मतदार यादी, सगळीकडे शोभाच. द्वारका उरली ती शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, आणि आजोबा वारल्यावर सातबाऱ्यावर. २००५ च्या कायदा दुरुस्तीनं वडिलोपार्जित शेतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. मामांनी तो राजीखुशीनं मान्य केला. भावानं अडवलं नाही, अडवलं ते कागदानं.

एका कार्यालयात साहेब सगळ्यांसमोर आईला म्हणाले, "आधी तुम्ही नेमक्या कोण ते ठरवून या, मग बोलू." आजूबाजूचे हसले. त्यानंतर कुठल्याही कार्यालयाची पायरी चढताना आई पदर आणखी पुढे ओढायची. एका एजंटानं गॅझेट करून देतो म्हणून पैसे घेतले आणि फोन उचलणं बंद केलं. एका वकिलांनी फी घेतली, दावा दाखलच केला नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्यात बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे यांच्यापैकी एकानंही सांगितलं नाही. एक मिनिटाचं काम होतं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तालुका विधी सेवा समितीनं आमचं प्रकरण तुमच्याकडे दिलं. दोन्ही नावं एकाच बाईची, असं कोर्टानं जाहीर करावं, हा आमचा दावा. तो तुम्ही कसा लढलात ते कायदा जाणणारे सांगतील. माझ्या मनात घर करून बसलाय तो वकीलपत्रावर सही घेतानाचा प्रसंग.

तुमच्या सहायकानं सवयीनं स्टॅम्प पॅड आईपुढे सरकवलं. आईनंही सवयीनं अंगठा पुढे केला. चौथी शिकलेली बाई, पण तिला लिहिता येतं का हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही पॅडचं झाकण लावलंत, स्वतःचा पेन तिच्या हातात दिलात आणि म्हणालात, "काकू, अंगठा कायले? लिवता येते ना तुमाले? लिवा. मले घाई नाही."

दारात दुसरे पक्षकार उभे होते. तुम्ही त्यांना हातानंच थांबायला सांगितलंत. आई 'द्व' वर अडली. द काढला, पेन उचलला, पुन्हा टेकवला. मी सांगणार होतो, तर तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत. मग तिनं तो तिचा तिनं लिहिला. थोडा तिरपा, ओळीच्या खाली उतरलेला. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं स्वतःचं नाव लिहिलं.

निकाल नंतर लागला, पण आईचा पदर त्या दिवशीच मागे सरकला.

माळ्यावरच्या पेटीतून जुनं रजिस्टर हुडकून देणारे मुख्याध्यापक, ऐन कापूस वेचणीत मजुरांना सोडून साक्षीला उभे राहिलेले मामा, यांचंही ऋण आहेच. अशी माणसं आपल्या भागात अजून आहेत आणि त्यांच्याच जिवावर गरिबाची कामं होतात. पण ती भेटेपर्यंत माणूस किती खचतो, हे त्या हसणाऱ्यांनी एकदा तरी समजून घ्यावं.

मॅडम, माझ्या मावशीचंही असंच आहे. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. तिला घेऊन येत्या आठवड्यात समितीच्या कार्यालयात येतो आहे. ती सातवी शिकलेली आहे.

आपला,
द्वारकाचा मुलगा
जि. यवतमाळ