हसणाऱ्यांचं काय?

महोदय,

तोतरं बोलणाऱ्या मुलाची नक्कल करणाऱ्या एका विद्यार्थ्याला मी वर्गाबाहेर उभं केलं होतं. ‘बाई, मी एकटाच कुठे? सगळे हसत होते!’ तो म्हणाला. मला ती पळवाट वाटली. पोरगं खरं तेच सांगत होतं. हल्ली वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चा आणि नेत्यांची भाषणं ऐकताना ते आठवतं.

शाळांमधल्या दादागिरीचा १९७०च्या दशकापासून अभ्यास करणारे डॅन ओल्वेयस यांनी तिच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम त्रास देणं, तो पुन्हापुन्हा देणं आणि दोघांच्या ताकदीत तफावत असणं. या खुणा वाहिन्यांवरच्या चर्चेला लावून पाहा. माइक बंद करायचं बटण एकट्या सूत्रसंचालकाच्या हाती, आणि पाहुण्याचं एक वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही, हे रोज रात्री. नेत्याने तुल्यबळ नेत्याला टोमणा मारला तर माझी हरकत नाही (खरं तर मजाच येते). पण व्यासपीठावरून एखाद्या साध्या बातमीदाराचं नाव घेऊन गर्दीला त्याच्यावर सोडायचं, याला टीका कसं म्हणायचं?

कॅनडात शाळांच्या मैदानांवर झालेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. बघ्या मुलांपैकी कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्रास १० सेकंदांत थांबला होता. मध्ये पडणारी मुलं मात्र थोडीच होती.

त्या दिवशी तासाभराने मी त्या मुलाला आत घेतलं. हसणाऱ्यांना काहीच विचारलं नाही.

– एक निवृत्त शिक्षिका