वेळापत्रकावर इलाज : मित्रास पत्र

प्रिय निरंजन,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. स्पोर्ट्‌स मेडिसिन शिकून झाल्यावर क्लबच्या खेळाडूंचे गुडघे तपासत राहावं, की सैनिकी तंदुरुस्ती आणि प्रतिबंधक आरोग्याच्या संशोधनात शिरावं, असं तू विचारतोस. सल्ला देण्यापेक्षा ते काम आतून कसं असतं तेच लिहितो, म्हणजे तुझं तुलाच ठरवता येईल.

खेळाडू तुझ्याकडे येतो तेव्हा त्याच्या हाडांना आणि स्नायूंना वर्षानुवर्षांची सवय झालेली असते. भरती झालेल्या पोराचं तसं नसतं. पहिल्या पंधरवड्यातच त्याचं चालणं, धावणं आणि नुसतं उभं राहणं कित्येक पटींनी वाढतं. बूट नवे, झोप अर्धी, पाठीवर ओझं. शिवाय तुकडीतला सगळ्यात दमदार आणि सगळ्यात कच्चा एकाच वेगाने धावतात. दमदाराला तो वेग सहज झेपतो, कच्च्याला तो रोज शर्यतीसारखा पडतो. म्हणून इथली बहुतेक दुखणी वेळापत्रकातून येतात आणि तुझं औषधही तिथेच लागू पडतं. हे पटत नसेल तर या वाटेला जाऊ नकोस.

स्ट्रेस फ्रॅक्चरचंच बघ, म्हणजे पुन्हापुन्हा पडणाऱ्या ताणाने हाडाला जाणाऱ्या बारीक चिरेचं. प्रशियाच्या फौजेतला सर्जन ब्राइटहाउप्ट याने १८५५ साली कूच करून सुजलेल्या पावलांचं वर्णन केलं. ती सूज म्हणजे चवड्याच्या हाडांचं फ्रॅक्चर आहे हे कळायला क्ष-किरणांची वाट बघावी लागली. श्टेखोव याने ते १८९७ साली दाखवलं. यामागचं कारण साधं आहे. नवा ताण आला की हाड आधी स्वतःला पोखरतं, मग भरतं. पोखरायला साधारण तीन आठवडे लागतात, भरून पक्कं व्हायला तीन महिन्यांच्या आसपास. मधल्या काळात हाड आधीपेक्षा कमकुवत असतं, आणि नेमका तेव्हाच प्रशिक्षणाचा जोर चढत असतो. म्हणून सुरुवातीला ठणठणीत असलेला जवान तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून लंगडायला लागतो.

सकाळच्या सिक परेडला, म्हणजे आजारी जवानांच्या तपासणीला, नडगी धरून आलेल्या जवानावर घालवायला तुझ्याकडे पाच मिनिटंही नसतात. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली ये. दुखरा पट्टा सलग पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब असेल तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे हाडाला चीर न जाता नडगीच्या कडेला आलेलं ताणाचं दुखणं. दुखणं बोटभर जागेत एकवटलं असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चर धरून चाल. एका पायावर उडी मारायला लावली की बऱ्याचदा चेहराच उत्तर देतो. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ येऊ शकतो, त्यावर विसंबून पोराला मैदानात परत पाठवण्याची चूक सर्रास होते. आणि जांघेत दुखतंय, पाय आत वळवला की कळ येते असं कोणी सांगितलं, तर एमआरआय होईपर्यंत त्या पायावर भार नको, कुबड्या दे. मांडीच्या हाडाच्या मानेला वरच्या बाजूने चीर असेल तर ती सरकू शकते, आणि मग ऑपरेशन आणि कायमचं अधूपण दोन्ही समोर उभं राहतं. खालच्या बाजूची चीर त्या मानाने सोशिक. पण यातली कोणती, हे बाहेरून हात लावून कळत नाही.

आता हे टाळायचं कसं? इस्रायली लष्करात मिलग्रॉम आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली २९५ भरती जवानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ३१ टक्क्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर झालं होतं. पुढची कित्येक वर्षं तिथे बूट, इनसोल, औषधं असं बरंच काही आजमावलं गेलं. २००८ साली फिनेस्टोन आणि मिलग्रॉम यांनी त्या पंचवीस वर्षांचा जमाखर्च मांडला. रोज किमान सहा तासांची झोप सक्तीची केली आणि एकूण चाल कमी केली, तेव्हा प्रमाण ६० टक्क्यांहून जास्त घसरलं. दोन्ही उपाय वेळापत्रकातले, आणि दोन्ही डॉक्टरच्या सहीने होत नाहीत, कमांडरच्या सहीने होतात.

उलट, सगळ्यांच्या लाडक्या गोष्टी कसोटीला उतरत नाहीत. ऑस्ट्रेलियन लष्कराच्या १,५३८ भरती जवानांवर पोप यांनी केलेल्या चाचणीत (२०००) व्यायामाआधीच्या स्ट्रेचिंगने पायाच्या दुखापती कमी झाल्या नाहीत. मात्र शटल रनमध्ये (ठरावीक अंतरात वाढत्या वेगाने ये-जा धावण्याच्या चाचणीत) जे आधीपासून कच्चे होते ते जास्त जखमी झाले. तळव्याची कमान बघून बूट वाटण्याचा प्रयोग अमेरिकेच्या भूदल, हवाईदल आणि मरीन्स अशा तिन्ही ठिकाणी झाला. दुखापतींत फरक पडला नाही. हे प्रशिक्षकाला सांगून बघ, तोंड आंबट करतो. पोषणाचं मात्र थोडं हाती लागतं. लॅप यांच्या २००८ च्या अभ्यासात अमेरिकी नौदलाच्या भरती महिलांना आठ आठवडे रोज २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिलं, तेव्हा स्ट्रेस फ्रॅक्चर २० टक्क्यांनी कमी झाले. महिलांना दुखापती जास्त होतात असं तुला ऐकवलं जाईल. सुरुवातीची धावण्याची क्षमता हिशेबात घेतली की त्यातला बराचसा फरक विरून जातो, म्हणून उत्तर देण्याआधी पहिल्या दिवसाची धाव तपास.

आता उष्णता. इथे चूक म्हणजे मृत्यू. वेट बल्ब ग्लोब निर्देशांक, म्हणजे उष्णता, दमटपणा आणि ऊन एकत्र धरणारा आकडा, याग्लू आणि मिनार्ड यांनी १९५७ साली मरीन्सच्या तळांसाठी मांडला. उघड्यावर ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरला ०.७, काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरला ०.२ आणि साध्या हवेच्या तापमानाला ०.१ असं वजन देतात. ओल्याला एवढं वजन, कारण घाम सुकला नाही तर शरीराकडे थंड व्हायला फारसं काही उरत नाही. यंत्र कचेरीच्या सावलीत ठेवून मैदानाचा निर्णय घेतला की आकडा खोटा पडतो. चिलखत आणि पूर्ण गणवेश असेल तर त्याची भर वेगळी धरावी लागते, आणि कालची उष्णता आजच्या अंगात शिल्लक असते हे निर्देशांकाचा तक्ता सांगत नाही. नव्या हवेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. कोसळतो तो बहुधा कामचुकार नव्हे. ताप किंवा जुलाब लपवून मागे पडायचं नाही म्हणून जिद्दीने धावणारा.

असा कोणी बरळायला लागला की तापमान गुदद्वारातून घे. कान, कपाळ, तोंड यांचे आकडे अशा वेळी फसवतात. चाळीसच्या वर असेल तर आधी थंड कर, मग हलव. टबात बर्फाचं पाणी, काखेखालून चादर घालून डोकं वर धरलेलं, आणि पाणी सतत ढवळत ठेवायचं. नाहीतर अंगालगत कोमट पाण्याचा थर साचतो. मिनिटाला ०.२ अंश उतार मिळाला तर ४२ वरून ३९ वर यायला पंधरा मिनिटं लागतात. अर्ध्या तासाच्या आत हे साधलं पाहिजे. रुग्णवाहिकेची वाट बघण्यात हीच मिनिटं जातात, म्हणून टब धाव सुरू होण्याआधी भरलेला हवा. पाण्याचा अतिरेकही मारतो. रक्तातलं सोडियम घसरून जवान गेल्यावर अमेरिकी लष्कराने १९९८ साली तासाला दीड क्वार्ट, म्हणजे सुमारे १.४ लिटर, आणि दिवसाला १२ क्वार्टची कमाल मर्यादा घातली.

चाचण्यांबद्दल थोडक्यात. केनेथ कूपर अमेरिकी हवाईदलात डॉक्टर असताना त्यांनी ११५ जणांना बारा मिनिटं पळवलं आणि ते अंतर ट्रेडमिलवर मोजलेल्या ऑक्सिजनच्या वापराशी ताडून पाहिलं. १९६८ साली प्रसिद्ध झालेला सहसंबंध ०.८९७ होता (१ म्हणजे पूर्ण मेळ). मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा कर, ४४.७३ ने भाग, की व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर मिनिटाला दर किलो वजनामागे जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा, अंदाज मिळतो. २,४०० मीटर धावला तर सुमारे ४२. नवख्याचा आकडा मात्र कमी येतो, कारण सुरुवातीलाच जीव तोडून पळतो आणि आठव्या मिनिटाला चालायला लागतो. एक सराव धाव दिलीस तर निम्मी गडबड टळते. १९७० साली कूपर हवाईदल सोडून डॅलसला गेले आणि त्यांनी प्रतिबंधक औषधोपचाराचं क्लिनिक काढलं. तिथल्याच १३,३४४ जणांच्या नोंदींवर ब्लेअर यांनी १९८९ साली दाखवलं, की कमी तंदुरुस्त गटात मृत्यूदर बराच जास्त असतो. फौजेतली चाचणी आणि नागरी प्रतिबंध यांचा सांधा असा जुळला. तुलाही चाळिशीचे चालक, कारकून, सिग्नलवाले भेटतील. ते वर्षभर बसून असतात आणि वार्षिक चाचणीच्या दिवशी एकदम धावतात. त्यांना आठ आठवडे आधी सूचना आणि छातीत दुखणं, चक्कर, घरातले अकाली मृत्यू यांची प्रश्नावली दे.

संशोधनात खरी डोकेदुखी भाजकाची, म्हणजे दुखापतींना ज्याने भागायचं त्या आकड्याची. दुखापती सगळे मोजतात. किती जण, किती तास, किती किलोमीटर, किती ओझं हे कोणी लिहून ठेवत नाही. शिवाय जवान दुखणं लपवतो, कारण सुट्टी पडली की मागच्या तुकडीत ढकलतात. म्हणून अंतिम चाचणीनंतरच्या आठवड्यात दुखापती अचानक वाढल्यासारख्या दिसतात. त्या नव्या नसतात, साठवलेल्या असतात. गळालेल्यांना हिशेबातून वगळलंस तर कुठलाही कार्यक्रम यशस्वी दिसेल.

दुसरी गोम तुकडीची. एकाच बराकीत अर्ध्यांना नवा व्यायाम आणि अर्ध्यांना जुना, हे चालत नाही. संध्याकाळपर्यंत सगळे तोच करतात. तुकडीच चिठ्ठीने निवडावी लागते, आणि मग नमुना आक्रसतो. ४० जणांच्या तुकड्या आणि तुकडीअंतर्गत साम्य (एकाच तुकडीतले जवान एकमेकांसारखे किती, याचं माप) ०.०५ धर : १ अधिक ३९ गुणिले ०.०५, म्हणजे २.९५. ६०० ला त्याने भाग, तुझे ६०० जवान प्रत्यक्षात साधारण २०० जणांइतकेच काम करतात. हे अर्ज लिहिण्याआधी मांड, निकालानंतर नव्हे.

संमतीच्या बाबतीत कडक राहा. ‘स्वेच्छेने सही करा’ हे अधिकाऱ्याने सांगितलं की ती स्वेच्छा राहत नाही. संमती घेताना खोलीत वरिष्ठ नको, घेणारा गणवेशात नको, आणि नकार देणाऱ्याचं नाव वर जाता कामा नये. तुझ्या स्वतःच्या दोन निष्ठांचा पेच तरीही सुटणार नाही. जवानाने विश्वासाने सांगितलेलं दुखणं कमांडरला किती कळवायचं, हे लेखी ठरवून घे.

जागा स्वीकारण्याआधी तीन गोष्टी विचार. तपशीलवार प्रशिक्षण वेळापत्रक आणि त्यातले प्रत्यक्ष बदल तुला मिळतील का? रोजची सिक परेडची नोंद नावाऐवजी सांकेतिक क्रमांकाने मिळेल का? आणि नको तसा निष्कर्ष निघाला तर तो छापायची परवानगी कोण देतं, किती दिवसांत? पहिल्या दोन्हींना ‘बघू’ असं उत्तर आलं तर पद कितीही भारदस्त असो, तू तिथे फक्त गोळ्या वाटणार आहेस. दरम्यान, वेळ मिळेल तसं साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्कं करून घे. गुडघे तपासणं तुला येतंच.

वहिनींना नमस्कार सांग. उत्तर लांबलचक लिही.

तुझा,
अविनाश