वॉचमनला मंडळ आहे, आपल्या बायांना का नाही?

आर्वी, जि. वर्धा
२ नोव्हेंबर

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

घरेलू कामगारांचा कायदा असताना पेशंट सांभाळणाऱ्या बायांसाठी वेगळा कशाला मागता, असं तू फोनवर विचारलंस आणि नेमकी रेंज गेली. निवेदनाचा मसुदा तूच करणार आहेस, तेव्हा आमचं म्हणणं तुला पुरतं पटायला हवं. म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या इकडच्या बाया या कामाला कशा लागतात ते आधी ऐक. पऱ्हाटीची वेचणी संपली की वावरात काम राहत नाही. आधी गेलेली गावातलीच कुणी पुण्याच्या ब्युरोचा, म्हणजे घरोघरी पेशंटसाठी बाया पुरवणाऱ्या एजन्सीचा, नंबर देते आणि ही पुलगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसते. नवरा गेलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या, कर्जापायी घरातला कर्ता माणूस गमावलेल्या, अशाच बाया यात जास्त. ब्युरोवाला आधार कार्ड घेतो आणि दुसऱ्या दिवशी तिला लकवा झालेल्या कुणा आजोबांच्या पलंगाशी उभी करतो. घरचे सांगतील ते करायचं, एवढंच तिचं प्रशिक्षण.

माझी सारी नोकरी वॉर्डात गेली. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाशी कातडी लाल होते आणि पुढं तिथं जखम पडते. नाकातल्या नळीनं भरवताना डोक्याकडची बाजू उंच हवी आणि भरवून झाल्यावर लगेच आडवं करायचं नाही, नाहीतर पातळ अन्न फुफ्फुसात जातं. लघवीची पिशवी कमरेच्या वर धरायची नाही. हे कुणी न शिकवता एखादीला एकटीला रात्रभर पेशंटजवळ ठेवणं दोघांच्याही जिवाशी खेळ आहे. पेशंटला सरकवायला दोघी लागतात, घरात ही एकटीच असते. चाळिशीत कंबर धरलेल्या बाया माझ्याकडे येतात गं. चोवीस तासांची ड्युटी म्हणजे सलग झोप नाही, आणि आठवड्याची सुटी मागितली तर बदली बाई तूच आण म्हणतात.

आता तुझा प्रश्न. या बाईचा मालक कोण? घरवाले म्हणतात, आम्ही ब्युरोला पैसे देतो, त्यांना विचारा. ब्युरो म्हणतो, आम्ही फक्त गाठ घालून देतो. घरवाल्यांनी दिलेल्या पैशातले आपल्या हाती किती आले, हे तिला स्वतःलाही ठाऊक नसतं. तुझ्या सासूबाईंच्या वेळी बाया सारख्या बदलतात म्हणून तू वैतागली होतीस, आठवतं? कितीतरी ब्युरो हे मुद्दाम करतात. बाई आणि घर एकमेकांना धरून राहिले तर कमिशन बुडतं ना! काही बाया मात्र आपणहून निघून येतात, कारण थांबावं असं त्या कामात काही ठेवलेलंच नाही.

२००८ चा घरेलू कामगार कायदा कल्याण मंडळाचा आहे. नोंदणी आणि मदत, एवढाच त्याचा आवाका. पगार कुणी द्यायचा, कामाचे तास किती, ब्युरोनं किती कापायचं, याला तो हात घालत नाही. खरा आधार आपल्या राज्याच्या दुसऱ्या दोन कायद्यांत आहे. १९६९ चा माथाडी कायदा आणि १९८१ चा खाजगी सुरक्षा रक्षकांचा कायदा. सुरक्षा रक्षकांच्या मंडळाचं काम कसं चालतं ते तुला वकील म्हणून माहीतच आहे. रक्षकाची नोंदणी होते, त्याला ठेवणाऱ्याचीही होते. पगार आणि लेव्ही, म्हणजे मालकानं पगारावर भरायची जादा रक्कम, मंडळाकडे भरली जाते, आणि पगार, भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा हे सगळं मंडळ बघतं. सोसायटीच्या फाटकावर बसणाऱ्या माणसासाठी आपल्या विधानसभेला चाळीस वर्षांपूर्वी हे सुचलं. त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर जी बाई रात्रभर जागते, तिच्यासाठी का सुचू नये? निवेदनाचा कणा हाच ठेव. बाकी काही कमी झालं तरी चालेल.

लेव्हीनं खर्च वाढेल, असं लोक म्हणतील आणि ते खरं आहे. पेन्शनीतून बाईचे पैसे भागवणारी घरं मी पाहिली आहेत. सत्तरीपुढच्यांना सरकारच्या आयुष्मान भारत योजनेतून पाच लाखांपर्यंतचा दवाखाना मिळतो, पण तो भरती झाल्यावर. घरी आणल्यानंतरचं सारं कुटुंबावर. तेव्हा गरीब घरांसाठी सरकारनं वाटा उचलावा, हेही त्यात लिही. केरळनं २००८ साली परिहार सेवेचं, म्हणजे दुर्धर आजाऱ्यांचा त्रास हलका करणाऱ्या सेवेचं, धोरण केलं आणि तिथं पंचायतीमार्फत नर्स घरोघरी जाते. आपल्याला ते अशक्य नाही.

शिकवायचं कुठं, असं विचारलं तर गडचिरोलीकडे बोट दाखव. तिथल्या 'सर्च' या आरोग्य संस्थेनं गावातल्या बायांना आरोग्यदूत केलं आणि तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्याच जिल्ह्यात पुढं 'सर्च'लाच आढळलं की मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण पक्षाघात आहे, साधारण सातातला एक मृत्यू त्याचा. म्हणजे ही सेवा नुसत्या पुण्या-मुंबईची गरज नाही. सुनंदा, मला सगळ्यात जास्त हेच लागतं. आपली बाई तिकडे दुसऱ्याच्या सासूला भरवते आणि तिची स्वतःची सासू इथं शेजारणीच्या भरवशावर पडून असते. प्रशिक्षण तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात झालं आणि पगार गावातच मिळाला, तर यातल्या निम्म्या बाया गाडीत बसणार नाहीत असं मला वाटतं.

दिल्लीचं थोडक्यात सांगते. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात दुरुस्ती करायचं विधेयक २०१९ मध्ये आलं होतं, त्यात घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी होती. लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमायला सांगितलं. त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. माथाडींसाठी आपलं राज्य दिल्लीकडे बघत बसलं नव्हतं.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात आहे, निवेदन तिथंच द्यायचं. बायांना मोर्चात आणणं कठीण, एक दिवस सुटी घेतली तरी ड्युटी जाते. म्हणून सह्या गोळा करतोय, अंगठेही आहेत. ज्यांना नाव द्यायची भीती वाटते त्यांचं काय करायचं, हे तूच सांग. नावं निवेदनात न घालता वेगळी बंद लिफाफ्यात देता येतील का? मसुदा पंधरा तारखेपर्यंत पाठव, म्हणजे मी तो बायांना वाचून दाखवीन आणि त्यांनी सुचवलेले बदल कळवीन. तुझ्या ओळखीच्या आमदारांची वेळ तेवढी आधी घेऊन ठेव.

सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
मंगला